काचपट्टीवरचं तूप

११ नोव्हेंबर, सोमवार

मिल्क पावडर चालली! आजच लिहून ठेवतो, उद्या कोणी मानणार नाही.

मॅडमचं बाहेरून मागवलेलं दुधाचं प्रथिन संपलेलं, नवीन यायला तीन आठवडे. मी झाडू मारता मारता म्हणालो, दुधाचंच प्रथिन ना, मग डेअरीची स्किम्ड पावडर काय वाईट? मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारी प्रणाली हसली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी पावडर आणायला सांगितली. ऋतुजा मॅडमचं हे मला आवडतं. इंदापूरच्या वकिलांची मुलगी, परदेशात शिकून आलेली, पण शिपायाचं वाक्य मधे तोडत नाही. (माझं पद कागदोपत्री 'प्रयोगशाळा परिचर'. सौ. गावात सांगते की आमचे हे संशोधनात आहेत.)

पट्टीचं काम मला कळलं ते असं. काचेच्या पट्टीवर बारीक गवत उगवलेलं असतं, इतकं बारीक की डोळ्याला काच नुसती धुरकट दिसते. प्रत्येक पात्याला गळ लावलेले. गळ म्हणजे प्रतिपिंड, असं प्रणाली दुरुस्त करते. मी गळच म्हणतो. रक्त त्यावरून सावकाश सोडायचं. कॅन्सरची पेशी आली की गळाला लागते, बाकीचं रक्त पुढे जातं. पण मोकळ्या जागेत पांढऱ्या पेशी उगाच येऊन बसतात, म्हणून ती जागा आधीच दुधाच्या प्रथिनानं भरून टाकायची. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात तसं.

तपासायचं कसं, तर निरोगी माणसाच्या रक्तात बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या शंभर पेशी मोजून सोडायच्या आणि पट्टीवर किती सापडल्या ते बघायचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या चमकतात, पांढऱ्या पेशी लाल. आज शंभरात एक्क्याण्णव. वहीत मीच लिहिले. वही माझ्याकडे आहे ती अक्षरामुळे.

संध्याकाळी घरी सौ.चा नेहमीचा प्रश्न. डेअरीत दूध तपासायला होतो तेव्हा विचारायची, आज फॅट किती? आता विचारते, आज शंभरात किती? सांगितलं. तिनं चहात साखर जास्त टाकली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या समितीचं पत्र आलं. कॉलेजच्या पोरांच्या रक्तावर पट्टी चालते हे त्यांना मान्य. पण रोगी पन्नाशीचे असतात, म्हणून पंचेचाळीसच्या पुढच्या निरोगी लोकांच्या रक्तावर लागोपाठ तीन फेऱ्या चांगल्या दाखवा, मग दवाखान्यातल्या रोग्यांचं रक्त घ्यायची परवानगी. मुदत जानेवारीअखेर. नाही जमलं तर प्रकल्प बंद. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पंचेचाळीसच्या पुढची माणसं आणायची कुठून? मी म्हणालो कळस. सौ.चं माहेर. तिच्या थोरल्या भावाच्या, आबाच्या, शब्दावर निम्मं गाव येईल. आणि निम्मं गाव तर त्यांची भावकीच आहे.

घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, माझं पण घ्या. तिचं घेता येत नाही. चार वर्षांपूर्वी डाव्या बाजूचं ऑपरेशन, नंतर केमो. आता सगळं बरं, पण निरोगींच्या यादीत ती बसत नाही.  ती मेथी निवडता निवडता म्हणाली,

"मग मी येते संगं. येणाऱ्या-जाणाऱ्याचं बघाय कुणीतरी पायजे."

परवानगी मिळाली की रोग्यांच्या यादीत पहिलं नाव तिचं घालायचं, हे मात्र तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

कळस. आबाच्या पडवीत शिबिर. रक्त प्रणालीनं काढलं, हात हलका आहे पोरीचा. नऊ जणांनी दिलं. एकानं विचारलं, कॅन्सर असंल तर लगेच कळतंय का? प्रणालीनं समजावलं की आम्ही तुम्हाला तपासत नाही, पट्टीला तपासतोय. तो म्हणाला, म्हंजी आमी नुसतं गिऱ्हाईक. सगळे हसले.

माझी एक चूक झाली. सवयीनं बर्फाची पेटी घेऊन गेलो. सव्वीस वर्षं दूध काढलं की थंड, हेच डोक्यात. प्रणाली ओरडली, तात्या, बर्फ नको, पेशी बिथरतात. बर्फ आबाच्या पोरांनी सरबताला वापरला.

फॉर्मवर लिहिलं होतं, हलका नाश्ता चालेल. ते मी आबाला आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं. सौ.नं सगळ्यांना सातलाच खायला घातलं, मग गप्पा, मग दहाला रक्त. रक्त द्यायला आलेल्याला रिकाम्या पोटी बसवायचं हे तिच्या घराण्यात कुणी ऐकलेलं नाही.

छान दिवस. परत येताना सौ. मोटारसायकलवर मागे गाणं म्हणत होती. चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वाईट. काल दुपारीच रक्त पट्ट्यांवरून सोडलं होतं, आज मोजणी. शंभरात चाळीस, पस्तीस, एकावर तर एकवीस. सगळीकडे लालच लाल. हिरव्या कुठे गेल्या?

मॅडम म्हणाल्या, पहिली फेरी आहे, होतं असं. सौ.ला मी खरे आकडे सांगितले. खोटा आकडा सांगायची सवय नाही. डेअरीत असताना आमच्याच गोठ्यातल्या दुधाचं फॅट एकदा कमी निघालं, कमीच लिहिलं. सौ. दोन दिवस बोलली नव्हती.

२५ नोव्हेंबर, सोमवार

काल पुन्हा कळस, आज पुन्हा तेच. कॉलेजच्या एका प्राध्यापकाचं रक्त (वय एकावन्न) बाजूला लावलं होतं, त्यात एकोणनव्वद. म्हणजे वयाचा दोष नाही. कळसचाच काहीतरी.

दिवसभर तर्क. प्रणाली म्हणाली, विहिरीचं पाणी. मॅडम म्हणाल्या, तंबाखू किती जण खातात ते विचारा. मी म्हणालो, सगळे. मग प्रणालीनं हळूच विचारलं, तात्या, पावडरची पिशवी उघडी राहिली होती का?

माझ्या पावडरवर संशय. मी जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डेअरीत गेलो. जुन्या जागेवर बसून पावडरचं फॅट काढलं, स्वतः. जवळपास नाहीच. आम्लता बरोबर, ओल बरोबर. कागदावर सही-शिक्का घेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, तात्या, याची गरज नव्हती. गरज होती.

प्रणालीनं माझ्यासाठी सांगवीहून, म्हणजे तिच्या घरून, पेरू आणले. सहा. राग गेला.

१ डिसेंबर, रविवार

काल सौ.ची सहामाही तपासणी होती, पुण्याला. सगळं चांगलं. पण प्रवासानं आणि काळजीनं ती गळून जाते. आज कळसला आली नाही, झोपून राहा म्हटलं. आबाच्या घरी वहिनी एकट्या, त्यांनी सगळ्यांना चहा दिला, कोरा, दूध नासलं म्हणून. आठ जणांनी दिलं.

२ डिसेंबर, सोमवार

शंभरात अठ्ठ्याऐंशी! ब्याण्णव! नव्वद! आठही पट्ट्या चांगल्या. प्रणाली खुर्चीसकट गोल फिरली. मॅडमनी बारामतीच्या बाजारातून जिलबी मागवली आणि दोन माझ्या डब्यात घातल्या, काकूंना द्या म्हणाल्या. का सुधारलं कोणालाच माहीत नाही, पण आज कोणी विचारतही नाही. एक फेरी झाली. आणखी दोन.

सौ.नं जिलबी खाल्ली. शंभरात ब्याण्णव ऐकून डोळे पुसले. म्हणाली, पुढच्या रविवारी मी येणार, ह्या लोकांचं चांगलं करायचं राहिलंय.

९ डिसेंबर, सोमवार

काल सौ. आली होती. सगळं पहिल्यासारखं थाटात.

आज शंभरात तीस. चाळीस. अठ्ठावीस.

 उरलेलं रक्त नष्ट करायला न्यायची गाडी आली नाही, म्हणून नळ्या मी फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या.

१० डिसेंबर, मंगळवार

काल घरी सौ.ला आकडे सांगितले. आज सकाळी चहा देताना म्हणाली. शब्द जसेच्या तसे लिहितो.

"मी येते तवाच बिघडतंय. न्हाय आले तवा चांगलं झालं. माझ्यातलंच कायतरी जात असंल त्यांच्यात. माझ्या हातचं खात्यात ती."

मी म्हणालो, असं काही नसतं, हा रोग असा जात नाही, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय. ती म्हणाली, म्हाईत हाय. आणि माझी कपबशी वेगळी धुतली, तिची वेगळी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी करायची तसं. ती सवय मी मोडून काढली होती, फार कष्टानं.

मॅडमना सांगितलं. त्या तडक पणदऱ्याला आमच्या घरी आल्या, सौ.च्या शेजारी बसून तिच्याच ताटातली भाकरी खाल्ली. सौ.नं खाऊ दिली, पण कळसला येणार नाही म्हणाली ती म्हणालीच.

मला राग येतो आहे. कुणावर ते कळत नाही. पट्टीवर असेल.

११ डिसेंबर, बुधवार

आज काय झालं ते सावकाश लिहितो.

सकाळी गाडी येणार म्हणून फ्रीजमधून कळसच्या नळ्या काढल्या. तीन दिवस उभं राहून रक्त खाली बसलं होतं. वर पाणी सुटतं ते रक्ताचं पाणी, पिवळसर असतं, आपल्याकडच्या गोमूत्राच्या रंगाचं (मॅडमना हे आवडत नाही). कळसच्या नळ्यांतलं पिवळं नव्हतं. गढूळ होतं, ताकासारखं. आणि वर, अगदी तोंडाशी, पांढरी रेघ.

मी सव्वीस वर्षं नळ्यांमधली पांढरी रेघ बघितली आहे. ती रेघ काय असते हे मला कुणी सांगायला नको. साय होती.

 मग मॅडमना हाक मारली. त्यांनी नळी उजेडात धरली, हळूच तिरपी केली. विचारलं, तात्या, हे लोक येताना काय खाऊन आले होते?

म्हणालो, शिरा.

किती तूप?

आता सौ.चा शिरा. रव्याइतकं तूप, आणि वाढताना वरून पळी. आबाच्या दोन म्हशी आहेत, तूप मोजून घालायची वेळ त्या घरावर आलेली नाही. दोन-दोन बश्या खाल्ल्याशिवाय तिनं एकालाही खुर्चीत बसू दिलं नव्हतं.

"पण फॉर्मवर हलका नाश्ता लिहिलं होतं ना?"

"शिरा हलकाच की मॅडम. पुरणपोळी थोडीच केली हुती."

मॅडम आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग टेबलावर डोकं ठेवून हसल्या. प्रणाली तर खालीच बसली. हसू थांबल्यावर मॅडमनी सांगितलं की अशी साय धरते ती त्याच दिवशी खाल्लेल्या तुपाची. रक्त आपण न गाळता थेट पट्टीवर सोडतो, तेव्हा ते तूप गवतावर बसत असणार, गळ बुळबुळीत होत असणार. 'असणार' म्हणाल्या, 'आहे' नाही म्हणाल्या. आधी तपासून बघायला हवं. वहिनींच्या कोऱ्या चहाचा रविवार आठवला. त्या दिवशी शिराच नव्हता.

पाणी नाही, तंबाखू नाही, पावडर तर नाहीच नाही. आणि सौ. नाही. तिच्यातलं काही नाही. तिचं तूप!

ती नळी मॅडमनी टाकू दिली नाही. मोबाइलवर फोटो काढून घेतला, घरी दाखवायला.

१२ डिसेंबर, गुरुवार

काल घरी गेल्या गेल्या सांगितलं नाही. तोंड उघडलं की रडू येईल असं वाटलं, म्हणून गोठ्यात जाऊन वैरण टाकली. मग स्वयंपाकघरात फोटो दाखवला. म्हटलं, ही रेघ ओळख. तिनं चष्मा लावला.

"साय हाय की. कशातली?"

"तुझ्या भावाच्या रक्तातली."

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडते आहे. रडतच होती. मग त्यातच हसायला लागली, खांदे हलायला लागले, आणि थांबेना.

"म्हंजी माझ्यात न्हाय दोष?"

"तुझ्या हातात आहे. पळी मोठी आहे तुझी."

आज गुरुवारची पूजा तिनं मनापासून केली. कपबश्या एकत्र धुतल्या. मी मुद्दाम बघत होतो.

एकच तक्रार तिची. आबाच्या म्हशीच्या तुपाला नावं ठेवायची नाहीत. मी म्हटलं, उलट प्रशंसाच आहे, तूप अस्सल नसतं तर इतकी साय धरली नसती.

१५ डिसेंबर, रविवार

आज माझ्यावर प्रयोग. मॅडम म्हणाल्या, एकाच माणसाचं रक्त, एकदा उपाशीपोटी, एकदा शिरा खाऊन, म्हणजे वाद मिटला. मी स्वतःहून हात वर केला. प्रणाली म्हणाली, तात्या, विज्ञानासाठी एवढा त्याग करू नका.

सकाळी सातला उपाशी रक्त दिलं. मग सौ.नं घरून आणलेला शिरा. तिला सांगितलेलं, अगदी कळससारखा कर, एक चमचा कमी नको. तिनं पुरेपूर मनावर घेतलं. प्रयोगशाळेत खायची बंदी, म्हणून बाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसलो. दोन बश्या. मॅडम घड्याळ लावून समोर, सौ. पळी घेऊन शेजारी. लग्नातसुद्धा माझ्या खाण्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं. अकराला पुन्हा रक्त.

नळ्यांवर मॅडमनी चिठ्ठ्या लावल्या, अ आणि ब, आणि कुठली कुठची ते प्रणालीला सांगितलं नाही. मोजणाऱ्याला माहीत असलं की डोळा आपोआप झुकतो म्हणाल्या. मला पटलं. डेअरीत मीही उत्पादकाचं नाव न बघता नुसत्या नंबरवर फॅट काढायचो.

१६ डिसेंबर, सोमवार

अ: शंभरात नव्वद. ब: सदतीस.

ब म्हणजे शिरा.

सदतीस हा आकडा मी इतक्या आनंदानं कधी लिहिला नव्हता. सौ.ला फोन करून सांगितला. आता मॅडम समितीला लिहिताना जेवणाचं एक पान वेगळं जोडणार आहेत. त्यात 'रव्यापासून बनवलेला तूपयुक्त पदार्थ' असं लिहिलंय. सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, शिरा म्हणायला लाजत्यात व्हय?

२३ डिसेंबर, सोमवार

काल कळसला सौ. आली. हे सगळ्यात आधी लिहायचं.

सगळे उपाशी. गावात तिनंच घरोघरी निरोप दिला होता. उपाशी येणाऱ्यांची नाराजी मोठी. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दाजी, मागं कुणी जास्त खाल्लं म्हणून बंद केलं का? सौ. दारात उभी, कुणाला चहासुद्धा देईना. आबा म्हणाला, कुसुम, माहेराला बट्टा लावलास. ती म्हणाली, आधी रक्त, मग शिरा. रक्त झाल्यावर कढई उघडली तेव्हा गर्दी रांगेपेक्षा मोठी होती.

आज: नव्वद, सत्त्याऐंशी, त्र्याण्णव. मॅडमनी मागची चांगली फेरी धरायची नाही असं ठरवलं, तीन नव्यानं करायच्या. ही पहिली.

३० डिसेंबर, सोमवार

दुसरी. एक पट्टी फुटली, माझ्याच हातून. बाकी सगळ्या चांगल्या. शेवटच्या पट्टीवर त्र्याऐंशी, प्रणालीनं तीनदा मोजलं. मी तीनदा लिहिलं.

६ जानेवारी, सोमवार

तिसरी. आकडे वहीत आहेत, इथे परत लिहीत नाही. इतकंच लिहितो की मॅडमनी मला वाकून नमस्कार केला आणि मी घाबरून मागे सरकलो तो बादलीत पाय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन मॅडम सकाळीच पणदऱ्याला. दुसऱ्या हातात समितीचं पत्र. परवानगी! आठ रोग्यांपासून सुरुवात, दवाखान्यातून, ज्यांची इच्छा असेल त्यांची.

सौ.नं तिळगूळ तोंडात टाकला आणि विचारलं, माझं नाव?

मॅडमनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. पट्टी अजून शिकते आहे. काही सापडलं तर त्याचा अर्थ काय, हे आज कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. नाही सापडलं तरी नाही. म्हणून कुणाचा आकडा कुणाला कळवायचा नाही. नळीवर नुसता नंबर असेल. काकू, तुमची तपासणी पुण्यात होते तीच खरी.

"कळलं," सौ. म्हणाली. "मी पट्टीसाठी देते. माझ्यासाठी न्हाय."

मग मॅडमनी मला विचारलं, तात्या, या वेळी वही दुसऱ्या कुणाला देऊ का? मी म्हटलं, विचार करून सांगतो.

१६ जानेवारी, गुरुवार

विचार केला. वही माझ्याकडेच राहू द्या म्हणालो. आठ आकडे लिहायचे, त्यातला एक माझ्या घरचा, कुठला ते माहीत नाही. घरच्या दुधाचा नंबर तर पाठ होता, तरी कमी निघालेलं फॅट कमीच लिहिलं होतं.

मॅडमना असं म्हणालो खरं. आतून मला भीती वाटते. आनंद आणि भीती एकाच वेळी इतकी वाटू शकते हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिलं.

सौ. काल संध्याकाळी सातनंतर जेवली नाही. पाणी प्यायचं होतं तेही फोन करून प्रणालीला विचारून प्यायली. हिरवं लुगडं, लग्नातलं नाही, आबानं ऑपरेशननंतर नेसवलेलं. मांडीवर पाच किलोचा डबा. आठ रोगी आणि त्यांच्यासोबतचे आठ, हिशेब तिनं आधीच केला होता.

दवाखान्यात प्रणाली रक्त काढायला आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, नंबर दिसू नये म्हणून. मागून सौ.चा आवाज, प्रणालीला सांगत होती की कळसला तू नवव्या माणसापर्यंत दमायचीस, आज आठच हायत. प्रणालीनं नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी.

आठही जणांचं झालं. मग डबा उघडला. त्या बाकांवर सकाळपासून कुणी कुणाशी बोललं नव्हतं. शिरा हातात आल्यावर सगळे एकमेकांची गावं विचारायला लागले. काटीची एक बाई म्हणाली, तूप लई हाय. सौ. म्हणाली, आता कितीबी खा, काम झालं.

नळ्या मीच बारामतीला प्रयोगशाळेत आणल्या, बर्फाशिवाय, छातीशी धरून. दुपारी पट्ट्यांवरून सोडल्या. आठही नळ्यांतून थोडं थोडं बाजूला काढून खाली बसू दिलं. वरचं पाणी स्वच्छ पिवळं, एकातही रेघ नाही. आठ नळ्या एका रांगेत. कुठली तिची, डोळे फाडून बघितलं तरी कळलं नसतं, आणि मी फार बघितलंही नाही.

एक गोष्ट पट्ट्या भरताना लक्षात आली. या वेळी कुणी शंभर मोजून सोडलेल्या नाहीत. जे असेल ते असेल.

संध्याकाळी पाचला घरी निघालो. सौ. स्टँडवर थांबली होती, मोटारसायकलवर मागे बसली. पणदऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, पुढे जाता येईना. तेव्हा मागून म्हणाली,

"मला माझा नंबर दिसला."

मी म्हटलं, सांगू नको.

"न्हाय सांगत. सांगितला तर तुमी उद्या लिवणार कसं?"

ट्रॉल्या वळल्या. मी बराच वेळ गाडी हळूच चालवली. नंबर तिच्याकडे, वही माझ्याकडे, आणि मधे एकच स्वयंपाकघर. इतक्या वर्षांत रोज संध्याकाळी तिनं आकडा विचारला आणि मी सांगितला. उद्या तिनं विचारलं तर? मॅडमना शब्द दिलाय. तिला माहीत आहे की दिलाय.

आत्ता ती मोरीत डबा घासते आहे. गाणं म्हणते आहे, तेच कळसहून येतानाचं. मी हे लिहितो आहे हेही तिला माहीत आहे, कारण गाणं थांबवून तिनं विचारलं, उद्या किती पट्ट्या हायत.

म्हटलं, आठ.

"आठच्या आठ नीट लिवा," म्हणाली. "माझ्यापायी अक्षर बिघडू देऊ नगा."